नाक्यापर्यंतच तर जायचंय

लांबच्या प्रवासाला निघताना मुंबईकर बरीच काळजी घेतो. टायरमध्ये हवा भरून घेतो, वायपरच्या टाकीत पाणी घालतो, स्टेपनी तपासतो. तोच माणूस संध्याकाळी कोथिंबीर आणायला स्कूटर काढतो तेव्हा हेल्मेट खुंटीवरच राहतं, पाच वर्षांचं पोर पुढे फूटबोर्डवर उभं असतं आणि मागे बसलेलीची ओढणी चाकाशेजारी लोंबत असते. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं: नाक्यापर्यंतच तर जायचंय.

मला हे वाक्य फार धोक्याचं वाटतं. एक्सप्रेसवेवर आपण वर्षातून मोजून काही वेळा जातो, नाक्यावर रोज जातो. मुंबईत रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा पायी चालणाऱ्यांचा आणि दुचाकीस्वारांचा आहे. यातली बरीच माणसं रोजच्या, पाठ असलेल्या वाटेवरच असतात. म्हणून या लेखात गाडीआधी घरातली माणसं घेतो आणि ती रोज कशी बाहेर पडतात तिथून सुरुवात करतो.

आधी वेगाचा एक हिशोब. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. या वेगाने डोकं थेट दुभाजकावर आदळलं, तर तो मार सहा मीटरवरून खाली पडण्याइतका असतो. सहा मीटर म्हणजे दुसऱ्या मजल्याची गॅलरी. त्या गॅलरीच्या कठड्यावर आपण पोराला उभं करत नाही. स्कूटरवर मात्र करतो, कारण 40 चा वेग आपल्याला वेग वाटतच नाही.

हेल्मेट डोकं वाचवतं ते बाहेरच्या कडक कवचामुळे कमी आणि आतल्या थर्माकोलसारख्या थरामुळे जास्त. धडक बसली की हा थर चेपतो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. एकदा चेपलेला थर परत फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटने एक मोठा आपटा खाल्ला आहे, ते बाहेरून चकचकीत दिसत असलं तरी बाद करायचं. स्कूटरच्या आरशावर टांगून ठेवण्याची सवयही वाईट, कारण आरशाची दांडी आतल्या थरात खळगा पाडते. रोज वापरातलं हेल्मेट पाच वर्षांच्या आसपास बदललेलं बरं. घाम, ऊन आणि आपली दमट हवा यांनी पट्टा, गाद्या आणि थर तिन्ही थकतात.

विकत घेताना फुटपाथवरचं दोन-तीनशे रुपयांचं हेल्मेट घेऊ नका. त्यावर आयएसआयचा शिक्का असतो, पण शिक्का कुणीही छापतो. खऱ्या शिक्क्याच्या वर आयएस 4151 हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की कोणत्या उत्पादकाचा परवाना आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचं काम आहे. मापासाठी टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. आपल्याकडच्या हेल्मेटवर 580, 600 असे मिलिमीटरचे आकडे असतात, म्हणजे 58 सेंटीमीटरच्या डोक्याला 580. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. मग पट्टा लावा आणि मागची कड धरून पुढे ढकला. निघून आलं तर माप मोठं आहे. हनुवटीखाली पट्ट्यात एक, फार तर दोन बोटं जावीत. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेत तुमच्या आधी उडून जातं. सिग्नलवर बघा, निम्म्या लोकांचे पट्टे लोंबत असतात. हनुवटी उघडी ठेवणाऱ्या अर्ध्या हेल्मेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुचाकीवरून माणूस पुष्कळदा तोंडावर पडतो, म्हणून पूर्ण हेल्मेटच घ्यावं.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, हे मुंबईत जून 2022 पासून वाहतूक पोलीस कसून पाहू लागले. कायदा मात्र त्याच्या आधीपासूनचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि कलम 194डी खाली 1,000 रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबन होऊ शकतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. बाळाला जाकिटासारखा पट्टा घालून तो चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायचा, बाळाच्या मापाचं हेल्मेट घालायचं आणि वेग 40 च्या वर न्यायचा नाही. हा पट्टा रस्त्यावर फारसा दिसत नाही, पण ऑनलाइन सहज मिळतो. त्याची खरी गरज असते ती डुलकीसाठी. पाळणाघरातून घरी येताना मागे बसलेलं तीन वर्षांचं मूल पाच मिनिटांत झोपतं, आणि झोपलेल्या मुलाची पकड कधी सुटते ते चालवणाऱ्याला कळत नाही.

फूटबोर्डवर उभं केलेलं मूल याहूनही वाईट जागी असतं. जोरात ब्रेक दाबला की त्याचा चेहरा आणि छाती हँडलवर आदळते आणि मागून चालवणाऱ्याचं सगळं वजन त्याच्यावर येतं. शिवाय गाडी चालू ठेवून तुम्ही भाजीचे पैसे देत असता, तेवढ्यात लहान हात अ‍ॅक्सिलरेटर पिळतो. गिअर नसलेली स्कूटर त्या क्षणी पुढे उडी मारते. थांबलात की इंजिन बंद करा, दहा सेकंदांसाठी थांबलात तरी.

साडी आणि ओढणी यांनी आपल्याकडे फार माणसं जायबंदी होतात. साडीगार्ड काढून टाकू नका, दिसायला कसंही असो. ओढणीची दोन्ही टोकं कमरेला गाठ मारून घ्या किंवा सरळ पिशवीत ठेवा. पदर खोचूनच बसायचं. दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसल्यावर वळणावर तोल जातो, म्हणून शक्य तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसणं सुरक्षित. ते जमत नसेल तर दोन्ही पावलं फूटरेस्टवर हवीत, एक हात चालवणाऱ्याच्या कमरेला आणि दुसरा मागच्या बारला हवा. त्या हातात मोबाइल नको.

आता पाऊस. मुंबईत दुचाकी चालवणं आणि मुंबईत जुलैमध्ये दुचाकी चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या सरीची पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत निसरडी असतात. चार-सहा महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल, डिझेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते आणि तिचा चिखलट थर होतो. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबा, पण पुलाखाली रस्त्यातच थांबू नका. फ्लायओव्हरखाली पावसात थांबलेल्या दुचाकींच्या घोळक्यावर मागून वाहन येऊ शकतं. एकदा धुऊन निघालेला रस्ता थोडा बरा असतो, पण काही जागा शेवटपर्यंत दगा देतात: झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, मॅनहोलची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामावर टाकलेले पत्रे, आणि जिथे सिमेंटचा रस्ता संपून पेव्हर ब्लॉक किंवा डांबर सुरू होतं तो सांधा. त्यांच्यावरून जाताना ब्रेक नको, वळण नको, अ‍ॅक्सिलरेटर नको. गाडी सरळ ठेवा आणि जाऊ द्या. सांधा रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असेल तर त्याच्या कडेकडेने घासत चढू नका, चाक घसरून त्यातच अडकतं. वेग कमी करून, थोडा मोठा कोन घेऊन तो ओलांडा.

खड्ड्याचं तंत्रही ठाऊक असावं. खड्डा दिसला की आपण शेवटपर्यंत ब्रेक दाबून धरतो. त्यामुळे पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि सगळा हिसका हँडलला बसतो. ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबायचा आणि चाक खड्ड्यात जाण्याच्या क्षणी सोडून द्यायचा. अचानक बाजूला कापणं त्याहून घातक, कारण मागून बस किंवा डंपर येत असतो. बरेचदा जीव घेतो तो खड्डा चुकवताना मागून आलेला ट्रक. पाणी साचलेलं असेल तर पुढच्या गाडीची चाकं जिथून गेली त्याच पट्ट्यातून जा, म्हणजे खाली निदान उघडं मॅनहोल नाही एवढं तरी कळतं.

काळा रेनकोट घेऊ नका. पिवळा, पोपटी, नारिंगी, काहीही चालेल. पाठीवर आणि हेल्मेटच्या मागे परावर्तक टेपची एक पट्टी चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घातली तर मान वळवली तरी बाजूचं दिसत नाही, म्हणून ती कॉलरच्या आत दुमडा. आणि मागे बसून छत्री उघडू नका. वाऱ्याचा एक झोत गाडीचा तोल घालवतो.

पावसात ब्रेकचं अंतर वाढतं, तेही आपल्या अंदाजापेक्षा जास्त. ताशी 60 च्या वेगात काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरलं तरी गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर आणखी 20 मीटर, ओल्यावर 35 च्या आसपास. म्हणजे पावसात 60 मीटर, आणि टायर गुळगुळीत असेल तर त्याहून जास्त. खोबणीचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकण्याचं असतं. ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक-स्टिअरिंग दोन्ही हातचं जातं. मोटारीच्या टायरच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय अशी खूण असते. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं आणि कायद्यानेही तो बाद झाला. माझं म्हणणं, तीन मिलिमीटर उरले की पावसाळ्याआधीच, मे महिन्यात बदला. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: 2322 म्हणजे 2022 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सोसायटीत उन्हात उभ्या राहणाऱ्या, कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी कडक होतात आणि त्यांना बारीक चिरा पडतात, म्हणून खोबणीबरोबर हा आकडाही बघा. हवा टायर थंड असताना तपासायची, आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला आपला आकडा आपण सांगायचा.

साचलेल्या पाण्यात गाडी घालायची की नाही, याचं उत्तर सोपं आहे: अर्ध्या चाकापर्यंत पाणी दिसलं की घालायची नाही. मिलन, अंधेरी आणि मालाड सबवे, हिंदमाता, किंग्ज सर्कल या जागा तुंबण्यासाठी ओळखल्या जातात, आणि सबवेची मधली खोली काठावरून कळत नाही. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार उचलू शकतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण इंजिनाची काळजी नंतर, आधी माणसं बाहेर.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरात कित्येक जण बंद मोटारीत अडकून जिवानिशी गेले. पाणी चढल्यावर बाहेरच्या दाबाने दरवाजा उघडत नाही आणि वीज गेली की पॉवर विंडोही उतरत नाही. म्हणून पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागलं की लगेच, वीज चालू असतानाच, आधी काचा खाली करायच्या. मग पट्टे सोडायचे, मुलांना आधी खिडकीतून बाहेर काढायचं, मागून आपण. काच फोडायचा हातोडा डिकीत ठेवून उपयोग नाही, तो चालकाच्या हाताशी हवा. त्याने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचं. मध्यावर मारलं तर काच लवचीक असल्याने मार वाया जातो. पुढची काच फोडायच्या भानगडीत पडू नका, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण पडत नाही. पायी असाल तर पुराच्या पाण्यात काठी किंवा बंद छत्री पुढे टेकत चाला, आणि जिथे पाणी गोल फिरताना दिसतं तिथून लांब राहा. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एक नामवंत डॉक्टर पायी घरी निघाले होते, उघड्या मॅनहोलमध्ये पडून ते गेले.

मोटारीकडे वळू. मागच्या सीटवर पट्टा लावायची सवय आपल्याला नाही, आणि 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला तेव्हा त्यावर सगळीकडे चर्चा झाली. ते आणि त्यांच्याबरोबरचे प्रवासी मागे, पट्ट्याविना बसले होते. दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून मोटारीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. मागे पट्ट्याविना बसलेला माणूस धडकेत गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि पुढच्या सीटवर आदळतो. म्हणजे तो स्वतःबरोबर पुढच्यालाही मारतो, पुढच्याने पट्टा लावलेला असला तरी. आई-वडील मागे बसले असतील तर गाडी सुरू करण्याआधी मागे वळून बघा. पुष्कळदा बकल सीटकव्हरखाली गेलेलं असतं आणि बिचारे संकोचाने काही बोलत नाहीत. कव्हर कापून बकल वर काढा. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साधं आवळ कव्हर तिला अडवतं, तेही ध्यानात ठेवा.

पट्टा कसा लावलाय यालाही महत्त्व आहे. खालचा भाग मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यायचा, वरचा भाग छातीच्या मधोमध. काखेखालून घेतलेला पट्टा बरगड्या मोडतो. डोक्यामागची उशी कानांच्या वरपर्यंत उचलून ठेवा, मानेपाशी राहिलेली उशी मागून धडक बसली की मान मोडायला मदत करते. चालकाची छाती स्टिअरिंगपासून किमान 25 सेंटीमीटर लांब हवी. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी उघडते, तिला जागा लागते. आणि पट्ट्याचा आवाज बंद करायला जी नुसती धातूची पट्टी बकलमध्ये खुपसतात, ती गाडीत असेल तर आज फेकून द्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती विक्रीतून काढायला लावली. पट्टा नसेल तर एअरबॅगसुद्धा नीट वाचवत नाही, कारण माणूस ती फुगायच्या आतच पुढे गेलेला असतो.

बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं हे आपल्याकडचं प्रेम आहे, हे मला कळतं. पण 50 च्या वेगात गाडी कशावर तरी आदळली, तर 10 किलोचं बाळ धरून ठेवायला हातांना दीड-दोनशे किलो पेलण्याइतका जोर लागेल. तो कुणाकडेच नसतो. आणि आईने पट्टा स्वतःच्या व बाळाच्या भोवती मिळून घेतला तर आईचं वजन बाळाला पट्ट्यावर चिरडतं. चाइल्ड सीट हाच उपाय आहे. सव्वा वर्षापर्यंत तरी, आणि सीटमध्ये मावत असेल तर त्यानंतरही, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे ठेवायचं, कारण त्या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. अशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. घेताना तुमच्या गाडीत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या आहेत का ते बोटाने चाचपा. त्या असतील तर खटकन आवाज येईपर्यंत सीट आत ढकला आणि वरचा तिसरा पट्टा सीटच्या पाठीमागच्या कडीला अडकवा. हा तिसरा पट्टा हमखास विसरला जातो आणि सीट पुढे उलटते. बसवल्यावर बुडापाशी धरून हलवा, बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचे पट्टे चिमटीत न येण्याइतके ताठ हवेत. उंची 135 सेंटीमीटरच्या वर जाईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट, ठेवा, नाहीतर मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर येतो.

टॅक्सीत आणि अ‍ॅपवरच्या गाडीत चाइल्ड सीट नसते. तिथे मूल मागे, मधल्या जागी तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा आणि कमर दोन्ही धरणारा, पट्टा असेल तर तिथे, नाहीतर डावीकडे बसवा. रिक्षात मूल दोन मोठ्यांच्या मध्ये, हात-डोकं आत. टॅक्सीतून उतरताना दार उघडण्याआधी दाराच्या लांबच्या हाताने खटका ओढा, म्हणजे डाव्या दाराला उजव्या हाताने. त्यासाठी अंग वळतं आणि मागून येणारी सायकल किंवा स्कूटर आपोआप दिसते. मुलांना ही युक्ती आठवड्यात अंगवळणी पडते.

शाळेच्या व्हॅनबद्दल एकच आग्रह. सकाळी एकदा खाली उतरून स्वतः मोजा: किती मुलं, किती सीटा, मदतनीस आहे का, पुढे ड्रायव्हरशेजारी कुणी बसलंय का, मागे सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून मुलं बसवलीत का. हे विचारलं म्हणून व्हॅनवाले काका रागावले तर दुसरी व्हॅन शोधा.

आता आजी-आजोबा. सिग्नलचा पायी चालणाऱ्यांचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. गुडघे दुखणारी आजी 0.8 च्या आसपास चालते. 24 मीटर रुंद रस्त्याला तरण्या माणसाला 20 सेकंद लागतात तिथे तिला 30. म्हणून सिग्नलवर आधीच लागलेल्या हिरव्या माणसावर तिने निघायचंच नाही. तो लाल होऊन पुन्हा हिरवा झाला की पहिल्या क्षणाला निघायचं. दुभाजकावर उभं राहायला जागा असेल तर दोन टप्प्यांत ओलांडायचं. बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून जायचं नाही, बस निघून जाऊ द्यायची. वन-वे असला तरी दोन्हीकडे बघायचं, कारण उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले आता गल्लोगल्ली आहेत. फुटपाथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी फिकट कपडे घालावेत, दंडाला परावर्तक पट्टी बांधावी. पाच-साडेपाचला रस्ता मोकळा असतो आणि म्हणूनच वाहनं सुसाट असतात. हायवेच्या दुभाजकातल्या फटीतून ओलांडण्यापेक्षा स्कायवॉकचे जिने चढलेले परवडले. जिना चढवत नसेल तर पुढच्या सिग्नलपर्यंत रिक्षा करा. तेवढे पैसे घरच्यांनी आजीच्या पर्समध्ये आठवणीने ठेवावेत.

मोठ्या वाहनांच्या न दिसणाऱ्या जागा घरातल्या सगळ्यांना माहीत हव्यात. डंपर, टँकर, सिमेंटचा मिक्सर: यांच्या अगदी नाकासमोर आणि डावीकडे, क्लीनर साइडला, चालकाला काहीच दिसत नाही. क्लीनर तर आता बहुतेकांकडे नसतोच. चालकाच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही. डावीकडे वळणाऱ्या ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापतात, म्हणून त्याच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत स्कूटर घालू नका.

सोसायटीचं आवारही रस्ताच आहे. उंच एसयूव्हीच्या मागे दोन-तीन वर्षांचं मूल उभं असेल तर ते आरशात दिसत नाही, कॅमेऱ्याच्या कडेलाही सुटू शकतं. गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती पूर्ण एक फेरी मारा, मागून सुरुवात करून. रिव्हर्स घेताना काच खाली, गाणी बंद. आणि सोळा वर्षांच्या मुलाला आवारात स्कूटर शिकू देण्याआधी एवढं ठाऊक असू द्या: तो गेटबाहेर पडला आणि काही घडलं तर कलम 199ए खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

लांबच्या प्रवासाबद्दल थोडक्यात, कारण तिथे लोक मुळात सावध असतात. अपवाद गणपतीचा. ऑफिस सुटल्यावर रात्री दहाला निघून पहाटे चिपळूण गाठायचं हा बेतच चुकीचा. सोळा तास जागा असलेला माणूस रात्री दोन ते पाचमध्ये उघड्या डोळ्यांनी झोपतो. चहा आणि वाऱ्याने झोप जात नाही, फक्त वीस मिनिटांची डुलकी थोडा वेळ काढून देते. झोपून पहाटे चारला निघा किंवा दुसरा चालक घ्या. कशेडी, परशुराम, बोरघाट, कुठलाही घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर निवडा. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तळाशी येईपर्यंत पेडल मऊ पडतं. मखराचं सामान, पाट, पितळी समई मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका. ब्रेक लागला की समई पुढे येते. एक्सप्रेसवेवर 100 च्या वेगात सेकंदाला 28 मीटर जातात, म्हणून पुढच्या गाडीत आणि आपल्यात तीन सेकंद, म्हणजे 84 मीटर अंतर ठेवा. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. पावसात पाच मोजा. गाडी बंद पडली तर सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे न्या, लाल त्रिकोण किमान 50 मीटर मागे ठेवा, आणि आत बसून मदतीची वाट पाहू नका.

अपघात झालाच तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108. जखमीला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जोरात दाबून धरा आणि भिजलं तरी उचलून बघू नका, वरून दुसरी घडी ठेवा. हेल्मेट काढू नका, श्वास अडकत असेल तरच काढा. तेव्हा एकाने मान आणि डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि दुसऱ्याने पट्टा सोडून हळूहळू ओढायचं. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील या भीतीने माणसं बघत उभी राहतात. कलम 134ए नुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही आणि त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे: रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. पैसे गोळा होईपर्यंत जखमीला थांबवून ठेवू नका.

घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये लॉक न उघडता दिसणारी आणीबाणीची माहिती भरता येते: रक्तगट, चालू औषधं, दोन नंबर. आजी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर ते तिथे लिहिलेलंच हवं. फोन नसलेल्या मुलाच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात हेच एका कागदावर, प्लास्टिकच्या पाकिटात. आणि स्कूटरची चावी आजपासून खिळ्याला न लावता हेल्मेटच्या आत ठेवा, म्हणजे कोथिंबिरीला निघतानाही आधी हेल्मेट हातात येईल.